बेणारेबाईंची बातमी कुठं लावायची?

भित्तिपत्रक जमिनीवर अंथरलेलं होतं. चार कार्डशीट मागून चिकटपट्टीने जोडून केलेला मोठा कागद आणि त्यावर पेन्सिलीने आखलेले रकाने. जवळजवळ सगळा मजकूर जागच्या जागी बसला होता. दुसऱ्या पानाच्या तळाशी तळहाताएवढी जागा तेवढी मोकळी होती. बातम्यांच्या गटातला एक मुलगा एका हातात डिंकाची बाटली आणि दुसऱ्या हातात चार ओळींची चिठ्ठी घेऊन उभा होता.

"मॅडम, बेणारेबाईंची बातमी कुठं लावायची?"

मी विचार न करता म्हणाले, "पहिल्या पानावर."

"पहिल्या पानावर भूकंप आहे," तो म्हणाला. उद्धटपणा नव्हता त्यात. गेले तीन आठवडे तो वर्तमानपत्र लावत होता, आणि पहिल्या पानावर काय जातं हे त्याला आता माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

कराडला कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. अकरावीच्या मुलांकडून वर्षातून एक अख्खं नाटक, अभ्यासक्रमात असो वा नसो, वर्गात वाचून घ्यायचं हा माझा जुना नेम. बाकं भिंतीला सरकवायची, पात्रं वाटून द्यायची आणि पाच-सहा तासिकांत नाटक पुरं करायचं. गेल्या वर्षी विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' घेतलं. मुंबईतली एक हौशी मंडळी एका गावात 'अभिरूप न्यायालयाचा' प्रयोग करायला येते. रात्रीच्या प्रयोगात आरोपी असणार आहेत अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन, आरोप अण्वस्त्रं तयार केल्याचा. हातात वेळ आहे, आणि गावातल्या सामंत नावाच्या साध्या माणसाला कोर्ट कसं चालतं ते दाखवायचं आहे, म्हणून खेळ म्हणून एक खोटा खटला उभा करतात. आरोपी कोण? लीला बेणारे, त्यांच्यातलीच एक शिक्षिका. आरोप भ्रूणहत्येचा. खेळता खेळता तो खटला खरा होतो. बेणारे खरोखरच गरोदर आहे, लग्न झालेलं नाही, आणि ज्यांच्यापासून दिवस गेले ते प्रोफेसर दामले त्या दिवशी आलेलेच नाहीत.

इतकी वर्षं हे नाटक शिकवताना मी एक ठरलेलं वाक्य बोलत आले: हे नाटक आजही तितकंच ताजं आहे. मनापासून बोलत होते. पण या वेळी तिसरा अंक संपल्यावर मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "पण मॅडम, ती आधीच डॉक्टरकडं का नाही गेली?"

वर्ग हसला नाही. सगळ्यांनाच तो प्रश्न पडला होता हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना आज मोबाइलवरून एवढं ठाऊक असतं, की असा कायदा आहे, दवाखाने आहेत, गोळ्या आहेत. मी म्हणाले, तेव्हा कायदा नव्हता. ती म्हणाली, "मग काय होतं?" माझं ताजेपणाचं वाक्य तिथेच संपलं. नाटक ताजं आहे असं म्हणत मी त्यातली ती खोली, त्या खोलीतली माणसं, ती सकाळी काय वाचून घरातून निघाली, काय खाऊन निघाली, हे सगळं पुसूनच टाकत होते. बेणारे कुठल्या भिंतींच्या आत अडकली होती ते न दाखवता मी मुलांना तिची दया यायला सांगत होते.

म्हणून ठरलं: त्या खोलीतल्या माणसांनी सकाळी जे वर्तमानपत्र वाचलं असेल, ते आपण काढायचं.

पण कुठल्या दिवसाचं? नाटकात तारीख नाही. मुलांनी ती शोधून काढली, आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं. आरोपी जॉन्सन आहे ना? मग जॉन्सन अध्यक्ष कधी होता ते बघा. केनेडींच्या खुनानंतर, म्हणजे नोव्हेंबर १९६३ पासून जानेवारी १९६९ पर्यंत. म्हणजे बेणारेचा खटला या सव्वापाच वर्षांत कधीतरी. 'रंगायन' या नाट्यसंस्थेने हे नाटक रंगमंचावर आणलं १९६७ साली, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, बेणारे सुलभा देशपांडे. (सुलभाताई स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिकवायच्या. ही गोष्ट मी मुलांना सांगितली तेव्हा बेणारेचं काम वाचणाऱ्या मुलीने ती वहीत चौकट करून लिहून घेतली.) तर वर्ष ठरलं १९६७. आणि दिवस? पाटण तालुक्यातून येणारी एक मुलगी म्हणाली, "माझी आजी ६७ म्हटलं की एकच दिवस सांगते."

११ डिसेंबर १९६७. पहाटे साडेचारच्या आतबाहेर. कोयनेचा भूकंप. कराडच्या मुलांना वेगळी तारीख शोधायची गरजच नव्हती. आमचं वर्तमानपत्र मंगळवार, १२ डिसेंबर १९६७ चं झालं. नाटकाच्या गोष्टीत भूकंप नाही हे आम्हाला ठाऊक होतं. पण वर्तमानपत्र एका नाटकासाठी छापलं जात नाही. त्या दिवशी जे घडलं ते सगळं त्यात येतं, आणि तुमच्या माणसाला त्यात जागा मिळते की नाही हे नंतर बघायचं.

गावातल्या जुन्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली आहेत. ग्रंथपालांनी आधी अट घातली, पानं ओल्या बोटाने उलटायची नाहीत. कागद पिवळा नाही, चहासारखा झालेला. कडा हाताला लागताच गळतात, आणि घरी गेल्यावर शर्टाच्या बाहीत त्याचे कण सापडतात. मुलांनी पहिल्या दिवशी बातम्या वाचल्याच नाहीत. त्यांनी जाहिराती वाचल्या. लग्नाच्या जाहिरातींतली 'गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष' मुलगी त्यांना पानोपानी भेटली. ढेकणांच्या औषधाच्या जाहिराती भेटल्या, आणि ढेकूण म्हणजे काय हे मला समजावून सांगावं लागलं. बेणारेच्या पर्समध्ये सापडते ती बाटली याच औषधाची. घरोघरी, पलंगाखाली ठेवलेलं, वाण्याकडे मिळणारं औषध. हे कळल्यावर त्या प्रसंगाचं वाचन बदललं. आधी ती बाटली त्यांना नाटकातली एक वस्तू वाटली होती.

पहिलं पान भूकंपाचं. त्यात मी फारसं काही सांगितलं नाही, सांगितलं ते आजीने. तिला आम्ही वर्गात बोलावलं होतं. पहाटे मांडणीवरची भांडी आधी वाजायला लागली, मग पडली. मोठ्या जावेने तान्ह्या पोराला उचललं आणि दुसऱ्याला हाताला धरून ओढलं. मग कितीतरी रात्री थंडीत खळ्यावर झोपलो, घरात जायची छातीच होईना. कोयनानगर उद्ध्वस्त झालं. सुमारे १८० माणसं गेली. मुंबईची वीज गेली, कारण मुंबईचे दिवे कोयनेच्या पाण्यावर लागत. धरणात पाणी साठवायला लागून पाच-सहा वर्षं झाली होती, आणि त्या पाण्याच्या भाराने भूकंप होतो का, हा प्रश्न तेव्हापासून जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या अभ्यासात आहे. मुलांनी हा मजकूर पोटातून लिहिला. त्यात एकाही वाक्यात मला दुरुस्ती करावी लागली नाही.

पहिल्या पानावर खाली दुहेरी रकान्यात केपटाउनची बातमी. ३ डिसेंबरला डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी एका माणसाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवलं होतं, आणि आमच्या अंकाच्या दिवशी तो रुग्ण जिवंत होता. एका मुलाने शेजारी लिहिलं: 'मरणाऱ्याला दुसऱ्याचे हृदय देण्याइतके विज्ञान पुढे गेले'. नाटकात पोंक्षे नावाचा एक इंटर नापास 'शास्त्रज्ञ' आहे, तो ही बातमी मोठ्याने वाचून दाखवेल असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं.

जॉन्सनच्या गटाने मात्र मला चकित केलं. मी त्यांना व्हिएतनाम आणि अणुबॉम्ब एवढंच वाचायला सांगितलं होतं. चीनने १९६४ मध्ये अणुचाचणी केली आणि जून १९६७ मध्ये हायड्रोजन बॉम्बची, त्यामुळे मुंबईच्या चाळीतल्या माणसाच्या बोलण्यातही तेव्हा अण्वस्त्रं असणारच, हे त्यांनी लिहिलं. पण ते तिथे थांबले नाहीत. त्यांना रेशनचं दुकान सापडलं. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं दुष्काळाची. अमेरिकेतून पीएल-४८० या धान्य-कराराखाली येणारा गहू आणि तांबडा मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन, ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एकदम साडेसात रुपयांवर. आणि तो गहू जॉन्सन हात आखडता घेऊन, थोडा थोडा सोडत होते. मुलांनी चौकट केली: 'ज्याचा गहू, त्याच्यावरच खटला'. मी विचारलं, याचा नाटकाशी संबंध काय? एक जण म्हणाला, "मॅडम, जॉन्सनला काय फरक पडतो? तो यायचा नाही कोर्टात. लांबच्या माणसावर खटला भरला की आपलं काही जात नाही." आणि मग हळूच, "बेणारेबाई तिथंच होत्या."

हे वाक्य मी त्या रात्री घरी गेल्यावर लिहून ठेवलं.

आता कायद्याच्या पानाविषयी, कारण प्रश्न तिथूनच सुरू झाला होता. नाटकात आरोपपत्र वाचतात तेव्हा कलम येतं ३०२, म्हणजे खुनाचं. भारतीय दंडविधान १८६० सालचं. त्यात गर्भपाताची कलमं ३१२ पासून पुढे होती. स्त्रीने स्वतः गर्भ पाडला तरी ती गुन्हेगार. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गर्भात हालचाल सुरू झालेली असेल तर सात. आईचा जीव वाचवण्यासाठी केला तर तेवढी सूट. मागच्या बाकावरच्या मुलीने हे फळ्यावर लिहिलं आणि खाली तिच्याच प्रश्नाचं उत्तर लिहिलं: 'डॉक्टरकडे गेली असती तर डॉक्टर आणि ती, दोघेही गुन्हेगार'. जे जात ते चोरून जात. त्यातल्या किती जणी परत येत नसत, याचा हिशोब कुठल्याच वर्तमानपत्राकडे नव्हता.

पण १२ डिसेंबर १९६७ ला हा विषय अगदीच अंधारात नव्हता. १९६४ मध्ये केंद्र सरकारने एक समिती नेमली होती, अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. डिसेंबर १९६६ मध्ये समितीने अहवाल दिला, की कायदा सैल करावा. म्हणजे आमच्या अंकाच्या दिवशी तो अहवाल वर्षभराचा झाला होता. कायदा संसदेत मंजूर झाला १९७१ मध्ये, लागू झाला १ एप्रिल १९७२ ला. मुलीने बोटं मोजली. सव्वाचार वर्षं. बेणारेच्या पोटातलं मूल जन्मलं असतं तर तेव्हा बालवाडीत गेलं असतं.

मला वाटलं पान इथे पुरं झालं. तिने कायद्याचा मजकूर पुढे वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. गर्भनिरोधकाचं साधन निकामी ठरून दिवस गेले तर गर्भपाताची सोय १९७१ च्या कायद्यात होती, पण कोणाला? 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांना. बेणारे त्यात बसत नाही. हे शब्द बदलायला २०२१ साल उजाडावं लागलं. दुरुस्तीत 'पती'च्या जागी 'जोडीदार' आला. आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की विवाहित आणि अविवाहित असा फरक यात करता येणार नाही. ती मुलगी तेव्हा शाळेत होती. तिच्या आठवणीतली तारीख आहे ती. वर्तमानपत्र १९६७ चं असल्यामुळे यातलं काही छापता येईना, म्हणून तिने ते पाठीमागे, कार्डशीटच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. भित्तिपत्रक भिंतीला लागल्यावर ते कोणाला दिसणार नव्हतं. तरी तिने ते लिहिलंच.

कुटुंबनियोजनाच्या जाहिरातींबद्दल इथेच सांगते. त्या काळी सरकार दोन किंवा तीन मुलं पुरेत म्हणून गावोगाव सांगत होतं. १९६५ मध्ये लूप हे गर्भनिरोधक साधन आलं, शस्त्रक्रियांची शिबिरं भरत होती. प्रत्येक जाहिरातीत हसरा नवरा, हसरी बायको, हसरी मुलं. एका मुलाने तशीच जाहिरात काढली आणि नाटकातल्या सुखात्मे वकिलांच्या मातृत्वाच्या गौरवाच्या भाषणाशेजारी लावली. दोन्हींतले शब्द तेच आहेत, हे त्याने दाखवलं. माता, पवित्र, संस्कृती, समाज. मी हे नाटक वीसेक वेळा वाचलं असेल. सुखात्मे वर्तमानपत्राच्या भाषेत बोलतो हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तेंडुलकर स्वतः वर्तमानपत्रांत नोकरी केलेले. 'मराठा'त होते, 'लोकसत्ते'त होते. रोज ती भाषा त्यांच्या टेबलावर येऊन पडत असणार.

तिसऱ्या पानावर 'जुन्या फायलीतून' असं सदर होतं. तिथे मी थोडी ढवळाढवळ केली, कारण मुलांना वाटायला नको की सगळं १९६७ मध्येच सुरू झालं. १८६३ मध्ये पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवून जावं म्हणून. १८८१ मध्ये सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बाळ मारल्याबद्दल फाशी सुनावली, पुढे ती शिक्षा कमी झाली. 'पुणे वैभव'सारख्या पत्रांनी त्यावरून सगळ्या स्त्रीजातीला धारेवर धरलं, आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून उत्तर दिलं. म्हणजे मराठीतलं हे पहिलं मोठं उत्तर एका खटल्याला आणि त्याच्या वर्तमानपत्री मजकुराला दिलेलं होतं. आणि मग रघुनाथ धोंडो कर्वे. जुलै १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवणारे, संततिनियमनावर उघड लिहिणारे, त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढलेले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हा रकाना मुलांनी मोठा करून मागितला. ताराबाईंचा बुलढाणा हा आमच्या एका विद्यार्थ्याचा आजोळचा जिल्हा निघाला, तो आठवडाभर त्याच आनंदात होता.

त्याच पानावर नानावटी खटला. नौदलातला अधिकारी, बायकोच्या प्रियकराला एप्रिल १९५९ मध्ये गोळ्या घालतो. मुंबईचं कोर्ट माणसांनी फुलून जातं. 'ब्लिट्झ' साप्ताहिक त्याच्या बाजूने मोहीम चालवतं. ज्यूरी आठ विरुद्ध एक अशी 'दोषी नाही' म्हणते, उच्च न्यायालय तो कौल मानत नाही, जन्मठेप देतं, सर्वोच्च न्यायालय १९६१ मध्ये ती कायम करतं, आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित माफी देतात. मुंबईतल्या माणसाला खटला हा तमाशासारखा बघायची सवय लागली ती या वर्षांत, असं मला वाटतं. नाटकातल्या काशीकर, सुखात्मे, कर्णिक यांनी कोर्टाची भाषा कुठून उचलली असेल, याचं एक उत्तर इथे आहे. मुलांनी मात्र वेगळं टिपलं. नानावटीच्या हातून माणूस मेला होता आणि मुंबई त्याच्यावर फिदा होती. बेणारेच्या हातून काहीच झालं नव्हतं.

नोकरीचं प्रकरण राहिलं. भर 'कोर्टात' न्यायाधीश झालेले काशीकर सांगतात, की बेणारेच्या शाळेचे अध्यक्ष तिला काढून टाकणार आहेत. मुलं म्हणाली, असं कसं काढतील? चौकशी नाही, नोटीस नाही? मी दुसऱ्या दिवशी आत्याची पत्रं घेऊन गेले. माझी आत्या साठच्या दशकात एका खासगी शाळेत शिकवायची. दर एप्रिलअखेर तिला कमी केल्याचं पत्र यायचं आणि जूनमध्ये नव्याने नेमणूक व्हायची. उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार द्यायला नको म्हणून. तिच्या ट्रंकेत अशी सात नेमणूकपत्रं निघाली, सात वर्षांच्या जून महिन्यांची, निळ्या रिबिनीने बांधलेली. कार्बन कॉपीवरची जांभळी अक्षरं, खाली फर्राटेदार सही. मुलांनी ती हातात घेऊन पाहिली. एकीने विचारलं, "आत्या भांडल्या नाहीत?" आत्या भांडली नाही. आठव्या वर्षी जूनमध्ये पत्रच आलं नाही, तेव्हाही नाही. कोणाकडे भांडणार होती? खासगी शाळांतल्या शिक्षकांच्या सेवाशर्तींचा महाराष्ट्राचा कायदा १९७७ चा. शाळा न्यायाधिकरण, चौकशीची पद्धत, अपील हे सगळं त्यानंतरचं. बेणारेला आणि आत्याला एका सहीत घरी बसवता येत होतं. बेणारे नाटकाच्या सुरुवातीला किती अभिमानाने सांगते, की शाळेची पहिली घंटा होते तेव्हा तिचं पाऊल उंबऱ्यात असतं, आठ वर्षांत उशीर म्हणून एक शब्द कोणी बोललेलं नाही. मी ते वाक्य त्या दिवशी परत वाचायला सांगितलं. वाचणाऱ्या मुलीचा आवाज मध्येच बसला.

तर सगळं लागलं होतं, आणि तळहाताएवढी जागा उरली होती.

मुलाच्या हातातल्या चिठ्ठीवर होतं: 'शिक्षिकेचा आत्महत्येचा प्रयत्न. मुंबई, ता. ११. येथील एका शिक्षिकेने ढेकणांचे औषध पिण्याचा प्रयत्न केल्याचे समजते. कारण समजू शकले नाही.' हा साचा त्याने फायलींमधून उचलला होता. अशा बातम्या तिथे बऱ्याच होत्या, दोन-तीन ओळींच्या, आणि बहुतेकींच्या शेवटी तेच वाक्य. कारण समजू शकले नाही.

"पण तीन अंक कारणच चाललंय," बेणारे वाचणारी मुलगी म्हणाली. "आपल्याला माहितीय ना कारण. लिही ना."

"मला माहितीय. वार्ताहराला कुठं माहितीय? त्याला कोण सांगणार? काशीकर?"

"सामंत सांगेल."

"सामंतला कोण विचारतंय?"

वाद वाढला. एकाचं म्हणणं, प्रयत्नसुद्धा बातमी होणार नाही, कर्णिकने तिच्या हातातली बाटली उडवली, विषय संपला, मंडळी रात्री प्रयोग करून शेवटच्या गाडीने परत गेली असतील. दुसऱ्याचं म्हणणं, मोठा मथळा द्यायचा, आपलं वर्तमानपत्र आहे, आपण ठरवू. कोणीतरी म्हणालं, मग ते १९६७ चं राहणार नाही, आजचं होईल. मला मथळा हवा होता, आणि मी गप्प बसले. तेवढ्यात पाटणची मुलगी खाली कागदावर बसल्या बसल्या, वर न बघता म्हणाली, "मेली तरच बातमी. जिवंत राहिली तर नाही."

वर्गात पंखा फिरत होता तेवढा ऐकू आला.

तेवढ्यात मला 'आजचे कार्यक्रम' हा रकाना दिसला. उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. कीर्तन, वसंत व्याख्यानमाला डिसेंबरात नसते म्हणून खोडलेली, एक संगीत सभा, आणि खाली: 'प्रा. दामले यांचे व्याख्यान. सायंकाळी ६ वाजता. सर्वांना प्रवेश.' हे कधी लिहिलं गेलं मला ठाऊक नव्हतं. कोणी लिहिलं विचारलं तर छोट्या जाहिरातींच्या गटातल्या, वर्षभरात माझ्याशी चार वाक्यं बोललेल्या मुलीने हात अर्धा वर केला.

"दामले नाटकात आले नाहीत," ती म्हणाली, "पण कुठंतरी असतीलच ना त्या दिवशी."

मग तिने वहीत घडी करून ठेवलेला एक कागद काढला. बातमीवाल्या मुलाने स्वतःची चिठ्ठी खिशात घातली आणि डिंकाची बाटली तिच्याकडे दिली. तिने कागदाला डिंक लावला, त्या मोकळ्या जागेत ठेवला आणि मुठीने चारी बाजूंनी दाबला. अक्षर लहान होतं. वाचायला मला गुडघ्यावर बसावं लागलं.

'पाहिजे. मुंबईतील मान्यताप्राप्त हायस्कूलसाठी सहशिक्षिका, बी.ए., बी.टी. जागा अकस्मात रिकामी झाल्याने त्वरित भरणे आहे. चारित्र्याचा दाखला जोडावा. पहिल्या घंटेस वर्गात हजर राहणाऱ्यांनीच अर्ज करावा.'